शिसपेन्सिलीचं वर्तुळ

तिसऱ्या वर्षी फलकावर कागद लागला:
संशोधनात सहभागी व्हा. जागा चार. मानधन नाही.
आम्ही अकरा जण धावलो.
मला वाटलं होतं सूक्ष्मदर्शक मिळेल.
मिळालं तळघर,
पुनोच्या जुन्या इस्पितळाचं,
तितिकाका सरोवराचा गारठा भिंतींत मुरलेला,
आणि प्रसूतीच्या सत्तावीस नोंदवह्या,
कडा उंदरांनी खाल्लेल्या.

"उंची आणि बाळाचं वजन, यांचा संबंध,"
डॉक्टर सेगारा म्हणाले. "तू फक्त आकडे चढव."
चढव म्हणे.
इथे आम्ही जन्मतःच चढलेले,
तीन हजार आठशे मीटर.

मग रोज रात्री, औषधशास्त्राचं पुस्तक उशाला ठेवून,
आईचं वय, आठवडे, ग्रॅम, मुलगा की मुलगी.
दोन हजार सहाशे. दोन हजार नऊशे चाळीस.
एक हजार आठशे, आणि पुढचे रकाने कोरे.
कोऱ्या जागी नव्व्याण्णव लिहायचं,
असा नियम.

नवव्या वहीत ते दिसलं:
नावाच्या डावीकडे शिसपेन्सिलीचं वर्तुळ,
मसुराएवढं.
एका पानावर तीन, मग चार पानं एकही नाही.
माझ्या तक्त्यात त्याला जागा नव्हती.
"सोड," सेगारा म्हणाले, "कुणाचा तरी चाळा."
पण चाळा इतका नेमका नसतो.
शेवटच्या पानावर सही होती: ए. काल्सिना, सुईण.

चुकुइतोच्या बाजारात सापडली ती,
हिमात वाळवलेले काळे बटाटे विकताना.
माझी आयमारा तोडकीमोडकी, तिची स्पॅनिश घाईतली.
फोनवरचा फोटो तिनं हातभर लांब धरला.
"या चालत आलेल्या," म्हणाली.
"कळा सुरू झाल्यावर. रस्ता बंद असायचा, ट्रक नसायचा.
किती लांबून, ते विचारायचे नाही मी.
चपला बघायचे."

"मग लिहून का नाही ठेवलंत?"

"लिहिलंय की,"
आणि गिऱ्हाइकाला बटाटे मोजून देऊ लागली.

परत आले, पहिली वही उघडली.
पहिल्याच पानावर दोन वर्तुळं.
आठही वह्यांत होती.
आठ वह्या मी आकडे वाचले होते.

नवा रकाना केला. चालत: एक. नाहीतर: शून्य.
सेगारांनी आलेख पाहिला, चष्मा काढला,
तो बराच वेळ पुसला,
मग एवढंच विचारलं, "संदर्भ काय द्यायचा?"

लिमाच्या परिषदेत पोस्टर लागलं.
माझं नाव सहावं, एक अक्षर चुकलेलं.
तिचं तळाशी, बारीक टायपात: वैयक्तिक संभाषण.
समुद्रकाठची हवा मला फार झाली होती,
श्वास घ्यायची गरजच वाटेना.
कुणी एक गृहस्थ थांबले, बोट ठेवून म्हणाले,
"हे 'चालत' म्हणजे नेमकं कसं मोजलंत?"

मी आधी त्यांच्या बुटांकडे पाहिलं.