एरंडेल

तीन दिवस वास गेला नाही.
दांडिया बाजारातून आमच्या बोळात वळलं
की पावलांआधी नाक थांबायचं.
सागाचा नव्हे तो, तुळयांचा नव्हे,
एरंडेलाचा.

सव्वाशे वर्षं तेल पाजलं होतं त्या मल्लखांबाला
बोळातल्या पोरांनी,
तळव्यांनी, पोटऱ्यांनी, बगलांनी.
शनिवारी वाटीभर त्याला, पळीभर मारुतीला.
तालमीचं छप्पर तासाभरात बसलं.
माडी गेली. लेझमांची खोली गेली.
मुद्गल, करेला,
फोटोतले पिळदार पणजोबा काचेसकट गेले.
खांब उभाच,
पेटलेला.
बंबावरचा पोरगा म्हणाला,
याला पाणी लागतच नाही, काका,
हा आतपर्यंत तेल प्यायलाय.
दुसऱ्या दिवशी दुपारी कधीतरी वाकला.

आम्हा मुलींना दोर असायचा.
चार ते पाच, दार आतून लावून.
खांबाला हात लावायचा नाही.
मी लावला होता.
सातवीत होते, बाकीच्या पाणी प्यायला गेलेल्या.
दोन्ही हातांनी मिठी मारली, गाल टेकला.
किती गार होता!
फ्रॉकवरचा डाग आईनं आधी राखेनं घासला,
मग साबणानं.
निघेना म्हणून मला मारलं.

युसुफभाई मन्सूरींची गदा तालमीतच असायची.
एक्क्याऐंशी साली जिंकलेली.
तेव्हा घरी ठेवायला जागा नव्हती.
आता मुलगे सुरतेला, घरात जागाच जागा.

हसुमतीबेन चाळीस वर्षं भांडल्या
पहाटे पाचला दंड मोजणाऱ्या आवाजांशी.
अर्ज केले. एकदा वरून बादली ओतली.
परवा जिन्यात भेटल्या, केस तसेच.
म्हणाल्या, सात वाजले उठायला.
मोजतच नाही कोणी.

पंचनाम्याला आलेल्या माणसानं विचारलं,
आग कशानं लागली?
अख्खा बोळ
आपापल्या चपलांकडे बघू लागला.

वासी उत्तरायणाची रात्र होती.
सगळे गच्च्यांवर. उंधियो संपलेला,
बोटं मांज्यानं चिरलेली.
तुक्कली सुटल्या,
कागदाची पोटं, आत मेणाची पेटती वडी.
मग वारा पडला.
त्यातली एक हळूहळू खाली आली
तालमीवर, नेमकं कौल फुटलं होतं तिथे,
अलगद,
कुणी पत्ता लिहून दिल्यासारखी.
पोरांनी टाळ्या वाजवल्या.
आम्हीही वाजवल्या.

कुणी म्हणतं लाल होती, कुणी म्हणतं पांढरी.
त्या रात्री बोळातून तीसेक सुटल्या असतील.
एक माझी.
नातू घाबरत होता,
म्हणून काडी मी ओढली.

चौथ्या दिवशी वस्ताद तुळाजीराव फावडं घेऊन आले.
वय शहाऐंशी, धोतर खोचलेलं.
हौद्यातली माती वरून भाजून खापर झाली होती.
दोन घाव घातले, थांबले, खोकले,
पुन्हा एक.
वीतभर खाली ती होती तशीच,
ओलसर, लाल,
ताकाच्या आणि हळदीच्या वासाची.
चिमूटभर कपाळाला लावली.
म्हणाले, कालवायला घ्या.

मग घराघरातून येत राहिलं.
ताकाची चरवी, लिंबं, दळलेली हळद.
युसुफभाईंनी तुपाचा डबा आणला.
हसुमतीबेन बादली घेऊन आल्या, तीच.
कुणी काही विचारलं नाही.
देताना कुणी कुणाच्या हाताकडे बघितलं नाही.

मी एरंडेलाची वाटी घेऊन उभी.
तुळाजीरावांनी वास घेतला, वर बघितलं.
हे कशाला, बाई?
ते लावायचं कुणाला?

वाटी परत आणली.
ओट्यावर आहे, न झाकता, न ओतता.
भाकऱ्या थापताना कोपर लागतं,
थोडं सांडतं पदरावर.
मी डाग काढत नाही.