नाकाची रेघ

पहिल्या अंकात त्याला नाक होतं.
रंगनाथ तांबटनं काढलेलंही झोकात,
मधे हाड, टोकाला वाकडं,
नाव ठेवलं दुर्धर.
किंमत साठ पैसे, सोळा पानं,
तिसरा रंग परवडत नव्हता
म्हणून अख्खी दुनिया काळी आणि जांभळी.

दुर्धर लोकांच्या सावल्या चोरायचा,
पोत्यात भरायचा,
अवसेला गंगापूरच्या धरणात सोडून यायचा.
का, ते कुणी विचारलं नाही.
साठ पैशांत 'का' येत नसे.

दुसऱ्या अंकात नाक गेलं.
झुंज नाही, शाप नाही,
जिथं नाक तिथं नुसता कागद.
पोरांची पत्रं आली पोतंभर.
मालक म्हणाले, आता हेच ठेवा.

मग तो रेडिओवर गेला.
रेडिओवर नसलेलं नाक दाखवायचं कसं?
कुसुम गायधनी दोन बोटांनी नाकपुड्या दाबून
माइकपुढे बसायच्या
आणि सिडकोपासून ओझरपर्यंत
पोरं पांघरुणात शिरायची.
शेवटचा भाग झाल्यावर म्हणाल्या,
नाक दाबलं की तोंड उघडतं म्हणतात ना,
माझं आयुष्यात पहिल्यांदाच इतकं उघडलं.

भद्रकालीतल्या एका मंडळानं
देखाव्यात बारा फुटी उभा केला.
सातपूरच्या फिटरनं मानेत वायपरची मोटर बसवली.
डावीकडे, उजवीकडे, डावीकडे, उजवीकडे.
वाईट असं काहीच करत नव्हता,
येईल त्याला फक्त नाही म्हणत होता.
गणपती गेले. ह्याचं काय करायचं कुणाला कळेना.
गौरी पटांगणाशी महिनाभर पालथा पडून होता,
पाठीवर कुणाची तरी धोतरं वाळत.

मालिकेनं त्याला आई दिली.
आईला क्षय दिला.
नायकाच्या बापानं भर बाजारात, लहानपणीच,
सुरी, गर्दी, संथ संगीत,
तीन दिवस तोच एक प्रसंग.
बायको पदरानं डोळे पुसत म्हणाली,
उगाच वाईट म्हणत होतो बिचाऱ्याला.

सिनेमातला तर इतका देखणा
की नाक पुसायला संगणकावर चाळीस माणसं बसली म्हणे,
आणि पोस्टरवर तरी ठेवलंच.
तिथं तो फक्त श्रीमंतांच्या सावल्या चोरतो,
उन्हातान्हात राबणाऱ्यांना वाटतो.
शिट्ट्या पडल्या.
परीक्षणवाल्यांनी नाकानं कांदे सोलले,
मूळचा दुर्धर असा नव्हता, वगैरे.
मूळच्या अंकांत शालिमारला
भजी बांधून देताना मी स्वतः पाहिलीत.

आता माझी नात, ईश्वरी,
फोनवर त्यालाच घेऊन खेळते.
नायकाला कुणी घेत नाही, तो स्लो आहे.
तिथल्या दुकानात नाक मिळतं,
साधं नव्वद रुपये, सोन्याचं एकशेचाळीस.
ती घेत नाही. म्हणते, नकट्यालाच पॉवर जास्त.

परवा विचारलं तिनं,
आजोबा, ह्याचं नाक खरं कुणी कापलं?

रविवार कारंज्याजवळ प्रेस होती.
मी सतराचा, ब्लॉक करायला शिकत होतो.
जस्ताचा पत्रा तेजाबात सोडायचा,
नाजूक रेघांवर आधी लाखेचा हात द्यायचा.
रात्री शेवटचा शो पाहिलेला,
पोटात नुसता चहा,
वाफेत डुलकी लागली.
डोळे उघडले तेव्हा नाकाची रेघ तेजाबानं खाल्ली होती.
रंगनाथ काही बोलला नाही.
दुसऱ्या पत्र्याला पैसे नव्हते.

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही.
रेडिओला नाही, मालिकेच्या कारणाला नाही,
त्या चाळीस माणसांना तर कसं सांगणार.

आणि ह्या गावाचं नावच, सांगतात,
एका कापलेल्या नाकावरून पडलं.
सीबीएसवर कंडक्टर ओरडतात
नाशिक, नाशिक, नाशिक,
माणसं पिशव्या सांभाळत चढतात,
जिचं नाक, ती त्यानंतर कुठं गेली
ह्याची चौकशी खिडकीवर होत नाही.

ईश्वरीनं ऐकून घेतलं सगळं.
डुलकी? म्हणाली. एवढंच?

मग परत खेळायला लागली.
पोतं भरत आलं होतं.