छागल

सावद्याच्या पुढे, बंद सूतगिरणीच्या आवारात
काँक्रीट आहे किलोमीटरभर, वर थोडं.
पत्र्याचे ड्रम मांडून अकरा वळणं केलीत.
मे महिना. सकाळचे साडेआठ,
आणि अडतीस झालेत आत्ताच.

पोरं हसली माझ्या गाडीला.
"बाई, क्लचच नाही? मग डाव्या पायानं करता काय?"
"विचार करते," म्हटलं.
खोटं होतं ते.
विचार केला असता तर मागच्या वेळी
तिसऱ्याच राउंडला गिअर निसटले नसते,
इंजिन ओरडतंय आणि गाडी जागच्या जागी.
दांडी उपसून पाहिली, तर डाळिंबी तेलाची
काकवी झालेली.
वास करपल्या फोडणीचा.

निसार तडवी केळीच्या थंड गाड्या दुरुस्त करतो,
रावेरहून दिल्लीला जाणाऱ्या.
रेसमधलं मला काही कळत नाही, हे तोच आधी सांगतो.
गाडीखाली उताणा पडून म्हणाला,
"केळीचंबी असंच ऱ्हातं, मॅडम.
लोकांना वाटतं, ऊन बाहेरून लागतं.
पिकायला लागली का केळी आपली आपणच तापते.
बंद खोलीत. अंधारात.
गारवा आतल्या आगीसाठी लागतो."

मी फैजपूरला रसायनशास्त्र शिकवते.
दर दहा अंशांना वेग दुप्पट,
बावीस वर्षं फळ्यावर लिहिलं,
खडूचे हात झटकून घरी आले.

आत दोन पंखे आहेत, समोरासमोर, तेलात बुडालेले.
एक इंजिनाचा, एक चाकांचा.
कुणी कुणाचा हात धरलेला नाही.
एकानं ढवळायचं, दुसऱ्यानं ओळखून फिरायचं.
जेवढं ओळखलं जात नाही
तेवढं तापतं.

निसारनं जेसीबीच्या भंगारातला कूलर आणला,
चहाच्या ट्रेएवढा. रेडिएटरच्या पुढे टांगला
रबराच्या चार तुकड्यांवर.
मला एकदम बारकूमामा आठवले, धुळे-इंदूर टँकरवाले.
बंपरला कॅनव्हासची छागल असायची त्यांच्या,
सेंधव्याच्या घाटातही पाणी गार.
वाऱ्याला थोडं देऊन टाकायचं,
म्हणजे उरलेलं पिण्याजोगं राहतं.
मामांनी असं काही म्हटलं नव्हतं कधी.
ते फक्त म्हणायचे, तोंड लावू नको, वरून पी.

आज डॅशबोर्डवर नवा काटा आहे, तेलाचा.
लिव्हर 'दोन'वर अडकवलाय, म्हणजे गाडी
प्रत्येक ड्रमपाशी चाचपडत नाही.
पहिला राउंड, शहाण्णव.
दुसरा, एकशे चार.
तिसऱ्याला झोपेंचा प्रणित दिसायला लागला,
त्याच्या टपावरची धूळसुद्धा.
एकशे तेरा.
चौथ्याला तो आठव्या ड्रमपाशी बाहेर फेकला गेला, आत जागा झाली,
एका गाडीपुरती, अगदी माझ्या मापाची.
एकशे एकोणीस.

पाय उचलला.

का, ते अजून नीट सांगता येत नाही.
काट्यामुळे म्हणावं, तर अजून एक वळण निघालं असतं.

निसार ड्रमवर उभा राहून लाल गमछा फिरवत होता.
"थांबू नका! थांबू नका एकदम!
हळू हळू फिरवजा!"
मग एक अख्खा राउंड
वरातीच्या वेगानं.
काचा खाली. झळ तोंडावर.
गिरणीच्या भिंतीवरची पुसट अक्षरं
पहिल्यांदाच वाचली: धूम्रपान सक्त मनाई.
पोरं शिट्ट्या मारत होती,
बाईंची बैलगाडी निघाली.

सावलीत आणून न्यूट्रलला ठेवली,
इंजिन चालूच, बॉनेट उघडं.
एकशे सात.
अठ्ठ्याण्णव.
निसारनं आधी कूलरकडे जाणाऱ्या नळीला बोट लावून झटकन काढलं,
मग परतीच्या नळीला लावलं,
आणि तिथंच ठेवलं.

प्रणित आला, हेल्मेट काखेत.
वेळ विचारली नाही त्यानं.
खाली वाकून म्हणाला,
"हे पुढं काय टांगलंय, बाई?"