येणे: परात एक

सासऱ्यांच्या जागी माझं नाव लागायचं होतं
तेव्हा ठाण्याला, धर्मादायच्या कचेरीत
कारकुनानं मान वर न करताच विचारलं,
मिळकतीचं वर्णन?
मी म्हटलं, भांडी.
त्यानं मान वर केली.

करावे गावच्या गावकीची भांडी.
तांब्याचे अकरा टोप, त्यातले दोन माणूस बसेल एवढे,
पितळी पराती सात, झारे चार, घंगाळ एक,
कलई कधी करायची त्याचा ठराव,
आणि हे सगळं ठेवायला
तळ्याकाठची पत्र्याची खोली, बारा बाय दहा.
त्यानं लिहून घेतलं: जंगम, किरकोळ.

खोलीखालच्या जमिनीला आज काय भाव आहे
ते मला विचारू नका.
विचारायला येतात लोक. पांढऱ्या गाडीतून.
म्हणतात, ताई, हल्ली केटरर आपली भांडी घेऊन येतो.
खरंच येतो.
जाताना मिठाईचा खोका टेबलावर विसरतात.
एकदा तो परत द्यायला
मी पामबीचच्या सिग्नलपर्यंत धावले, चपला न घालता.
खोका हलका नव्हता.

सासरे, धर्माजी मढवी, शिक्षण चौथी.
सही करताना जीभ दातांत धरायचे.
खाजण गेलं, मिठागर गेलं, त्या कागदांवर
त्यांनी अंगठा नाही उठवला, सही केली,
अभिमान त्याचाच, आणि सल पण त्याचाच.
भांड्यांची वही मात्र शेवटपर्यंत उशाशी.
"हशा कमळ्या. हळद. टोप दोन. एक करपून आला, घासून घेतला."
"पदीबाई. बारावं. परात एक. पैसे मागितले नाय."

मला वाटायचं, विश्वस्त म्हणजे
मांडवात पहिल्या रांगेत ज्याला खुर्ची.
वहीत खुर्ची कुठेच नव्हती.
रात्री दोनला उठून कुलूप काढणं होतं,
कारण मयत वेळ बघून होत नाही.

मोजायला बसले. पराती भरल्या सहा.
पुन्हा मोजल्या. सहाच.
मग वही मागे मागे चाळत गेले
आणि माझ्या लग्नाच्या साली थांबले.

"मुलाचं लगीन. नेले: टोप सहा, पराती चार.
आले: टोप सहा, पराती तीन.
येणे: परात एक. कडे: धर्माजी मढवी."

पुढच्या दिवाळीच्या मोजणीला तीच ओळ.
त्याच्या पुढच्याही.
शाई निळीची काळी झाली, अक्षर थरथरायला लागलं,
एकोणीस वेळा
येणे: परात एक. कडे: धर्माजी मढवी.
आणि खाली सही.

वही उघडी टाकून मी स्वयंपाकघरात गेले.
परात ओट्यावरच होती.
एकोणीस वर्षं तिच्यात तांदळाची उकड मळली,
पोराला बसवून न्हाऊ घातलं,
ओले बोंबील धुतले.
उलटी करून चिंचेनं घासली.
काठाखाली पंचानं ठोकलेली अक्षरं: गावकी.

सासू दारातून बघत होती.
म्हणाली, लगनाची वस्तू, मीच नाय देऊ दिली गो.
तो रोज जेवताना तिच्याकडे बघायचा
नि गप भाकरी खायचा.

त्याच दुपारी परात डोक्यावर घेऊन निघाले.
जिमसमोरून, मोबाइलच्या दुकानासमोरून.
नाक्यावर कोणी विचारलं, कुणाचं लग्न?
म्हटलं, माझंच. उरलं होतं थोडं.

जमा: परात एक. पोचा एक, तो आमच्याकडचा.

आता स्टीलच्या भांड्यात मळते.
पीठ काठावरून सांडतं, सासू बोटानं टिपते,
माझ्याशी बोलत नाही.
आणि वहीत त्या ओळीपुढे
भाड्याचा रकाना अजून मोकळा आहे.
एकोणीस वर्षांचं किती होतं
ते रोज रात्री मांडते, आणि खोडते.