चिऱ्यावरची तबकडी

पहिल्यांदा फक्त सुई बदलली.
बर्फाच्या कारखान्यातून निवृत्त झालो त्याच महिन्यात,
अकराशे रुपये. शालनला चारशे सांगितले.
जुनी सुई भिंगाखाली धरली
तर खवणीच्या दातासारखी बोथट.
म्हणजे एवढी वर्षं मी बाईंचा मारवा
ऐकत नव्हतो,
खवत होतो.

मग पट्टा. मग कार्ट्रिज.
मग कळलं की वेंगुर्ल्यात
आपण ऐकतो त्याहून जास्त टेबल ऐकतं.
बंदरात लाट फुटली, टेबलाला कळतं.
रेडीचा डंपर उतारावर आला, कळतं.
स्वयंपाकघरात नारळ फुटला
की इकडे षड्जाच्या पोटात गोळा.

बावतीस म्हणाला, "चिरो घाल खाली. जांभो.
तुझ्या त्या जर्मन रबराचो बापूस."
बावतीस फर्नांडिस ट्रॉलरची इंजिनं खोलतो.
त्याला सूर कळत नाही, हादरा कळतो.
आडेलीच्या खाणीतून एक चिरा आणला,
रिक्षात, मांडीवर घेऊन.
तीन दिवस घासला, तीन दिवस लाल पाणी.
"लोक चिऱ्यांचं घर बांधतात," शालन म्हणाली,
"तुम्ही घर असताना चिरा आणलात."

त्या रात्री दोन सुरांमधली जागा
कोरडी झाली.
ऐन जुलैत, अख्ख्या गावात
कोरडं असं तेवढंच.

खारा वारा पितळेला सोडत नाही.
पिना हिरव्या पडतात,
दर एकादशीला पुसतो. उपास नसतो, पुसणं असतं.
तबकड्यांवर बुरशीची खळी धरतात,
त्यांना रिठ्याचं पाणी
आणि सोलकढी गाळायचं फडकं.
(नवं. जुन्यावरून एकदा झालंय.)

व्हॉल्व्हचा अ‍ॅम्प्लिफायर पुण्याहून आला, एसटीच्या पार्सलात.
किंमत सांगत नाही. काजूचा एक हंगाम म्हणा.
मंडळाची वीज एकशे सत्तरवर झोपते
आणि दोनशे साठवर दचकून उठते,
दोन व्हॉल्व्ह तिच्या दचकण्यात गेले.
शेवटी बावतीसने कारखान्याच्या भंगारातून
स्टॅबिलायझर ओढून आणला.
गोठ्यात ठेवला तरी त्याची घरघर ओळखली मी.
सव्वीस वर्षं तसलीच घरघर
माझ्या डाव्या कानाशी उभी होती.

कुडाळच्या डॉक्टरीणबाईंनी आलेख काढला.
उजवी रेघ ठीक, वयाला शोभेल अशी.
डावी, चार हजारांच्या पुढे,
कड्यावरून खाली.
"ह्याला नवीन सुई नाही मिळत?" मी विचारलं.
त्या हसल्या नाहीत.

स्पीकर मात्र आले. आगाऊ पैसे भरले होते.
शिसवी, कमरेइतके, दोन पाहुण्यांसारखे
भिंतीशी अवघडून उभे.
मी बाईंचा मारवाच लावला, दुसरं काय लावणार.
शालन सुपात तांदूळ निवडत होती.
निवडायची थांबली.

"ही मागे बसलेली, तंबोऱ्यावरची,
हिच्या हातात काचेच्या बांगड्या आहेत.
एक पिचलेली आहे त्यात."

मला तंबोरा होता.
बांगडी नव्हती.

"कुठल्या बाजूला?"
"डावीकडे. ही बघा. ही."

मी उठून खुर्ची उलटी फिरवली.
आता समोर उघडं दार,
दारात दीपगृहाचा उजेड येऊन जाऊन.
तबलजी उठून पेटीच्या जागी गेला,
पेटी तबल्याच्या.
बाई तेवढ्या हलल्या नाहीत,
माझ्या पाठीमागून गात राहिल्या.

"आली?"
"परत लाव," म्हटलं.

सूप खाली ठेवून ती उठली.
इतक्या वर्षांत तिने सुईला हात लावला नव्हता,
मीच लावू दिला नव्हता.
तिने उचलली, माझ्यापेक्षा हलक्या हाताने,
आणि ठेवली
बांगडीच्या अलीकडे,
बरोबर दोन चरे आधी.