एक टक्का

मीलोसहून येणाऱ्या बोटीतून बाबा उतरले
तेव्हा एका हातात औषधांची पिशवी होती,
दुसऱ्या हातात टोपली, आणि टोपलीत फ्लोरो.
बेटावर तिला अख्खं अंगण होतं,
अंजिराच्या बुंध्याशी भुसभुशीत माती.
इथे केरात्सिनीत चौथा मजला.

पहिली गोणी मीच आणली, सुपरमार्केटातली, सगळ्यात स्वस्त.
ओतली तर न्हाणीघरात ढग उठला,
आरशावर बसला, टूथब्रशांवर बसला.
बाबांनी चिमूटभर उचलली,
बोटांत चोळली, जिभेच्या टोकाला लावली,
आणि परक्या शहरात गाववाला भेटावा तसे हसले.
"आमचीच आहे."

एकतीस वर्षं त्यांनी हीच माती काढली.
बेंटोनाइट. उन्हात पसरलेली, डोळे दिपवणारी.
घरी आले की आई त्यांना दाराबाहेर झटकायची
सतरंजीसारखं.
जहाजं भरून जायची एवढं माहीत होतं,
कुठे जायची ते कुणी विचारलं नव्हतं.

त्या रात्री याकोवोसची शिट्टी सुरू झाली.
छातीतली.
निळा पंप, दोन फवारे, मी त्याचे श्वास मोजत बसलेले.
डॉक्टरीणबाई म्हणाल्या, मांजर तरी द्या कुणाला,
नाहीतर निदान ती वाळू बदला.
बाबा दाराआड उभे होते.
जेवले नाहीत.

सकाळी कपाटातून काळा कोट काढला त्यांनी,
आईच्या दफनानंतर न घातलेला,
आणि मे महिन्याच्या उन्हात तो हातावर घेऊन
दुकानात गेले. मी मागे मागे.
कोट गल्ल्यावर अंथरला.
"प्रत्येकातली एक मूठ," ते त्या मुलीला म्हणाले, "दोन वीत उंचीवरून."
आणि खिशातली विजेरी लावली.

लॅव्हेंडरवाली: "धुळीला अत्तर लावलंय नुसतं."
पाइनच्या गोळ्या: कोट जवळजवळ स्वच्छ,
पण वास असा, की पोराला त्या वासानंच धाप लागेल.
मग चमकणारे खडे. पाकिटावर लिहिलेलं, सिलिका.
बाबांनी पाकीट फोडू दिलं नाही.
"ही वेगळी असते हो," मुलगी म्हणाली, "खाणीतली नव्हे ही."
"असेल, बाळ. माझा स्पिरो ज्याने गेला
त्याचं नाव हेच होतं."

आणि एका गोणीवर ठळक अक्षरांत:
नव्व्याण्णव टक्के धूळमुक्त.
बाबांनी चष्मा वर सरकवला.
"उरलेला एक कुणाच्या वाट्याला?"
मुलगी गप्प. मीही.

शेवटी रद्दी कागदाच्या करड्या गोळ्या.
ना वास, ना ढग. कोट काळाच राहिला.
महाग होत्या. बाबांनी पेन्शनचे पैसे काढले,
मला पर्सला हात लावू दिला नाही.

फ्लोरोने त्यांच्याकडे ढुंकून पाहिलं नाही.
टबाच्या कडेवर बसून राहिली दिवसभर,
आणि रात्री बाबांच्या बुटात मुतली.
"बरोबर आहे तिचं," बाबा म्हणाले,
"साठी उलटल्यावर मलाही चौथ्या मजल्यावर आणून ठेवलंत."

मग रोज याकोवोस शाळेत गेल्यावर
बाल्कनीत, नाकाला ओलं फडकं बांधून,
जुनीत नवी मिसळणं: तीन मुठींना एक,
मग दोनाला दोन, मग एकाला तीन.
डबा मात्र न्हाणीघरातून हलवला, खिडकीखाली ठेवला.
ओतायचं ते अगदी टेकवून,
जशी आई दूध ओतायची, साय मोडू नये म्हणून.
पाच आठवडे लागले.

उरलेली मूठभर त्यांनी फेकली नाही.
मुरंब्याच्या बरणीत घातली,
झाकणाला चिकटपट्टी, तीन वेढे.
याकोवोस ती उजेडात धरून हलवतो,
आत धूळ उठते, बसते.
बाबा खोलीच्या दुसऱ्या टोकाला असले तरी खोकतात.

शिट्टी कमी झालीये. गेली नाही.
काल पहाटे तीनला ऐकू आली, बारीक,
आणि मी अंधारात पाय खाली टेकवून बसून राहिले,
ती कुठल्या खोलीतून येतेय
ते कळेपर्यंत.