ऐनवेळचे विषय

झोम्बा. मंगळवार. वीज साडेपाचला गेली,
म्हणून वनस्पतिशास्त्राच्या वर्गातून उठून
आम्ही बाहेरच्या पायऱ्यांवर बसलो.
उपस्थिती : नऊ.
त्यातली एक फोन चार्ज करायला आली होती,
आणि वीज नाही हे कळल्यावरही गेली नाही.
असलं इतिवृत्तात लिहीत नाहीत, लुसुंगू म्हणाली.
मी लिहिलं.

विषय पहिला : संघटनेचं नाव.
पाऊण तास.
'भगिनी' नको, कुणाची तरी बहीण म्हणूनच
इथवर आलोय.
'उद्याच्या नेत्या' नको,
फीचं विचारलं की वडील म्हणतात
तोच हा उद्या.
नाव ठरलं नाही.
वहीच्या पहिल्या पानावर जागा सोडली आहे,
चार बोटं.

वर्गणी दोनशे क्वाचा,
म्हणजे फाटकाजवळची एक तळलेली मंदासी.
एकमताने मंजूर. दोघींनी उधार मागितली.

मग तियामिके बोलली. विषयपत्रिकेवर ती नव्हती.
म्हणाली, माझी आई सभांमध्ये नाचते.
पक्ष चितेन्जे देतो, कमरेला गुंडाळायचं कापड,
त्यावर साहेबांचा चेहरा,
बसलं की साहेब चुरगळतात.
ट्रक पहाटे येतो. साहेब दुपारी.
मधले सात तास बायका गातात,
साहेबांच्या बापाच्या गावाचंही नाव घालून गातात.
परतताना एक किलो साखर.
मी आईला विचारलं, मंचावर खुर्च्या किती होत्या?
म्हणाली, आम्ही नाचायचं की मोजायचं?
भांडी घासली. दिवा विझवला.
मग अंधारात, कुशीवर वळून,
चौदा, म्हणाली.
आणि बाई एक.
ती पाणी देत होती.

यावर चर्चा झाली नाही.
खालच्या रस्त्यावरून मुलांचा घोळका गेला,
एकाने विचारलं, काय गं, मंत्रिमंडळ बसलंय का?
झियोनेने वर न बघता सांगितलं,
हो, पण तुला खातं नाही.
(हसणे : दीर्घकाळ.)

विषय चौथा : बोलण्याचा सराव.
प्रत्येकीला दोन मिनिटं.
सुरुवातीला माफी मागायची नाही.
सहा जणींनी मागितली.
'मला राजकारणातलं फारसं कळत नाही' असं म्हणून
तिघींनी विद्यापीठाच्या अंदाजपत्रकाची पिसं काढली.
वसतिगृहाच्या दिव्यांचे पैसे कुठे गेले
हे आकड्यांसकट सांगितलं,
आणि मग खाली बसून म्हणाल्या, चुकलं असेल काही.

आता अध्यक्षांच्या परवानगीने ऐनवेळचे विषय.
अध्यक्ष अजून निवडलेली नाही,
म्हणून परवानगी कुणी दिली ते लिहिता येत नाही.
फोनवाली उठली. वेझी तिचं नाव.
वेळ तिच्याच फोनवर लावला होता, चार टक्क्यांवर.
आमच्या गावच्या हापशीचा दांडा
जूनपासून मोडला आहे, ती म्हणाली.
पाणी समितीत दहा जण. पाच बायका, नियमच आहे.
खजिनदारही बाई.
पेटी तिच्या घरात, फडताळात.
किल्ली तिच्या नवऱ्याच्या गळ्यात.
वॉशर केवढ्याला येतो मला माहीत आहे,
दांडा कुणाकडे वेल्ड होतो, तेही.
मीटिंगला गेले तेव्हा म्हणाले,
बाळ, चहाचं बघ.

इथे फोन विझला.
दोन मिनिटं झाली की नाही
कळायला मार्ग नव्हता,
आणि कुणी विचारलंही नाही.
डोंगराचा काळा उतार वरून खाली आला,
पायऱ्या दिसेनाशा झाल्या, मग आम्ही.
ती बोलत होती.
चहाचं बघितलं का, ते तिने शेवटपर्यंत सांगितलं नाही.

अंधारात लिहिलेल्या ओळी
एकमेकींच्या अंगावर चढल्या आहेत.
लुसुंगू म्हणते, स्वच्छ लिहून काढ.
नाही काढणार.
वाचणारीने वही जरा डोळ्यांजवळ धरावी.